दोघींचा एकच पत्ता

शैला, आपलं खातं चालू आहे. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर तूही आधी हेच विचारलं असतंस. परवा उघडून पाहिलं. नवीन काही नाही. दोन जाहिराती होत्या, परदेशात लॉटरी लागल्याची एक खबर होती, बाकी सगळं तू ठेवलं होतंस तसंच. जाहिराती पुसल्या, लॉटरीही पुसली. तू म्हणाली असतीस, "ठेव गो, कोण जाणे."

तुझं तेरावं होऊन दोन आठवडेही झाले नाहीत आणि मला घोर लागलाय तो एका ईमेल खात्याचा. ऐकणारा हसेल. पण ते खातं फुकटचं, आणि फुकटच्या खात्याचा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. काही महिने कुणी उघडलं नाही की ते बंद होतं, आतल्या सगळ्या मेलींसकट. मग त्या पत्त्यावर कुणी काही पाठवलं तरी ते येऊन पडायला जागाच नाही. इतकी वर्षं दर शनिवारी तू ते उघडायचीस, म्हणून मी निर्धास्त होते. जगातल्या बाकी सगळ्या काळज्या मी करायच्या आणि ही एक तू, अशी आपली वाटणी होती. "तुला काळजीचा पगार मिळतो काय गो मंदा?" असं विचारायचीस. आता तुझ्या वाटणीची काळजीही माझ्याकडे आली. पगार नाहीच.

शहापूरच्या पेठेतली ती खोली अजून आहे, तिथं आता मोबाईलची दुरुस्ती चालते. आपल्या वेळी खाली खताचं दुकान आणि वर आपला कॉम्प्युटर क्लास. तीन कॉम्प्युटर, त्यातल्या एकालाच इंटरनेट, तेही खालच्या दुकानाच्या फोनवरून. शेटनं खाली रिसीव्हर उचलला की वर आपलं नेट गेलंच. सकाळ-संध्याकाळ पोरं शिकायला यायची, दुपार आपली. मी गावातलीच, चालत यायची. तू टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यातली, नोकरीसाठी आसनगावला आत्याकडे राहिलेली. पहिल्याच दिवशी डबा उघडून तू म्हणालीस, "माझ्या आत्याच्या आमटीत डाळ शोधाय लागते," आणि मी हसले. आपली दोस्ती तेवढ्यावर जमली.

दुपारी कुणी आलंच तर मेल लिहून घ्यायला यायचं. किन्हवलीकडचे ते आजोबा आठवतात ना, ज्यांचा मुलगा आखातात होता? खुर्चीच्या कडेवर बसून सांगायचे, "त्याला लिव, म्हस व्याली, पारडी झाली, आन तुझ्या आयशीचा गुडघा काय ऐकत नाय." म्हैस व्याल्याचं इंग्रजी आपण कुठून आणणार? आपलं आपल्यालाच इंग्रजी जेमतेम. मराठीत लिहू का विचारलं तर आजोबांना ते पसंत नसायचं. मराठी पोस्टकार्डावर पण जाते, मग इथं कशाला येऊ, असं त्यांचं म्हणणं. मग आपण ठरलेल्या ओळी लिहायचो. आम्ही सगळे ठीक आहोत. काळजी करू नको. वेळेवर जेव. आजोबांना तेच, साकडबावच्या आजींना तेच. म्हैस, पारडी, गुडघा सगळं आपल्या टेबलावरच राहायचं. हे एवढ्यासाठी आठवलं की पुढे आपलं सगळं भांडण ह्याच ओळींवर येऊन अडलं.

तो खेळ कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत होता. मी म्हटलं होतं, व्हायरस असेल. तू तोवर सीडी आत ढकललेली. एलिना नावाची एक वार्ताहर बाई कुठल्याशा बेटावर गेली आणि परत आली नाही. तिचा भाऊ आपल्याला मेल लिहितो, माझ्या बहिणीला शोधायला मदत करा. इथवर ठीक होतं. पण त्या खेळातले धागे खेळात नव्हतेच. फोटोत एलिनाच्या मागे एक दीपगृह दिसायचं, ते कुठल्या किनाऱ्यावरचं हे खऱ्या इंटरनेटवर जाऊन हुडकायचं. भिंतीवर बोटीचं अर्धं वेळापत्रक दिसायचं, मग खऱ्या बोटींची खरी वेळापत्रकं चाळायची. सापडणाऱ्या साइटींपैकी काही खरोखरच्या, काही खेळ करणाऱ्यांनी मुद्दाम बनवून ठेवलेल्या. कुठली कुठली हे कळायची सोय नव्हती. तुला तेच आवडलं. मला त्याचीच धास्ती वाटायची.

आणि वेळी-अवेळी मेल यायच्या. आपण खेळत नसू तेव्हासुद्धा. पोरांना टायपिंग शिकवता शिकवता मी सहज मेल उघडावी तर एलिनाला पळवणाऱ्याची ओळ: तुम्ही शोधताय हे मला माहीत आहे. खाली आपलं नाव, कारण आपणच ते खेळाला सांगितलेलं. "त्याला शहापूर ठावं असंल काय गो?" मी विचारलं. तू शांतपणे म्हणालीस, "असूं दे की. आसनगावला उतरून त्याला शेअर रिक्षा धराय लागंल. चौघं भरल्याबिगर ती सुटत नाय. तवर आपण पळू."

तू मला असं हसवायचीस, पण त्या दिवसांत माझी झोप उडाली होती, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. रस्त्यात अनोळखी माणूस माझ्याकडे बघायचा तर वाटायचं, हा खेळातला का खरा? ऐन धागा सापडायच्या वेळी लोडशेडिंग व्हायचं, यूपीएस टीं-टीं करायला लागायचा, मी म्हणायची बंद कर, मशीन जळेल. तू माऊस सोडायची नाहीस. त्या अंधाऱ्या खोलीत पडद्याच्या उजेडात तुझी हनुवटी तेवढी दिसायची, तिच्यावरचा तो जुना व्रण, आणि यूपीएसचा आवाज. आजही कुठं तो आवाज आला की मी आधी स्विच शोधते.

खेळानं सुरुवातीलाच ईमेलचा पत्ता मागितला होता. तोवर आपल्या दोघींचाही नव्हता. आपण एकच काढला, दोघींची नावं जोडून. मी म्हटलं, प्रत्येकीचा वेगळा असतो. तू म्हणालीस, "कशाला? आमच्या पाड्याला फोन एकच. वाण्याकडचा. लग्नपत्रिकेवर तोच, दवाखान्यात तोच, फॉरमावर तोच, फुढं पीपी लिवायचं. जिथं नक्की कोनतरी उचलंल तो नंबर द्यायचा." मला ते पटलं. माझ्याही घरी फोन यायच्या आधी आम्ही शेजारच्यांचाच पीपी, म्हणजे बोलावून देणारा नंबर, द्यायचो. एका पत्त्यावर सगळ्यांनी यावं, ही आपल्याकडची रीतच होती.

सदादादाचं तू मला पावसाळ्यात सांगितलंस, खेळ सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर. तुझा थोरला भाऊ. तू शाळेत होतीस तेव्हा एका सकाळी "आटगावला कामाचं बघून येतो" म्हणून निघाला, तो आलाच नाही. आदल्या दिवशी बापाशी काहीतरी वाजलं होतं. आटगावच्या कारखान्यांत तो पोचलाच नव्हता. कुणी म्हणालं कल्याणला दिसला, कुणी म्हणालं नाशिकला. चौकीत नोंद झाली. भगतानं तांदूळ टाकून सांगितलं, जिता आहे, पाण्याकडं आहे. नंतर वडील गेले, आणि घरात आई आणि तू उरलात. नोकरी लागल्यापासून दर रविवारी तू कुठल्या तरी स्टेशनावर, कुठल्या तरी कारखान्याच्या गेटावर त्याचा जुना फोटो दाखवत फिरायचीस. एकटी. रविवार संपून सोमवारी तू जिना चढल्याचं ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. म्हणूनच तू इंटरनेटवर शोधायला लागलीस तेव्हा मला बरंच वाटलं. निदान खोलीत तरी होतीस.

एलिनाला शोधायची जी रीत खेळानं शिकवली तीच तू सदादादाला लावलीस. हॉटेलवाल्यांच्या, बोटवाल्यांच्या, धर्मशाळांच्या साइटींवर जिथं म्हणून लोकांना चार शब्द लिहायची सोय होती तिथं तू लिहिलंस. नाव, गाव, उंची, डाव्या भुवईवर तीळ. आणि खाली आपला पत्ता. तोच, खेळाला दिलेला. मी म्हटलं, "शैला, यासाठी दुसरा काढ. घोळ होईल." तू म्हणालीस, "एका घराला किती दारं करायची? आलेल्यानं कुठं ठोकायचं?" मी तोच पत्ता टाइप केला. अडून बसायला हवं होतं असं आता कितीदा तरी वाटतं, पण तेव्हा तुझंच म्हणणं सरळ होतं.

मग ती मेल आली. इंग्रजीत, चारच ओळी. मला शोधू नका. मी ठीक आहे, पाण्याजवळ आहे. आईला सांगा काळजी करू नको. मी वेळेवर जेवतो किंवा जेवते; इंग्रजीत काय, दोन्ही सारखंच. खाली नाव नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे अक्षरं नि आकडे यांची खिचडी. खेळातल्या मेलीही अशाच पत्त्यांवरून यायच्या.

मी म्हटलं, ही एलिना. बेटावर आहे म्हणजे पाण्याजवळच. तिलाही आई आहे, दुसऱ्याच मेलीत तिच्या भावानं लिहिलंय. तू पडद्यापासून नजर काढली नाहीस. "दादा," म्हणालीस. मी म्हटलं, तुझा दादा सातवीतून सुटलेला, तो इंग्रजी कुठून लिहील? त्यावर तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "किन्हवलीचं आजोबा लिवतात तसंच. तिथं पन असंल ना कोनी मंदा नि शैला. त्यानं सांगितलं असंल काय बी. त्यांनी हेच लिवलं. आपण दुसरं काय लिवतो?"

त्या चार ओळी खरंच आपण कुणालाही लिहून दिल्या असत्या अशा होत्या.

पण खात्री करायचा एक मार्ग होता आणि तो मीच सुचवला. त्या पत्त्यावर एक प्रश्न पाठव, ज्याचं उत्तर फक्त त्यालाच येईल. तुझ्या हनुवटीवरचा व्रण कशाचा, हेच विचार. लहानपणी शेताच्या बांधावरून तुला खांद्यावर घेऊन पळताना त्यानंच तुला पाडलं होतं, आणि आईला सांगू नको म्हणून आठवडाभर तुला गोळ्या चारल्या होत्या. मी तो प्रश्न टाइप केला. तू वाचलास, आणि एकेक अक्षर मागून पुसलंस. "इतक्या वर्सांनी मानूस बोलला, नि मी त्याची परीक्षा घेऊ?" मी म्हटलं, "तुला उत्तराची भीती वाटते." तू उठून खाली गेलीस. पुढचे काही दिवस आपण फक्त पोरांसमोर बोललो. नंतर तू एक मेल पाठवलीस, मला न दाखवता. मी पुढे वाचली ती. आई बरी आहे, मी नोकरी करते, घराला पत्रे टाकलेत, एवढंच. तिला उत्तर आलं नाही.

त्या शनिवारी तू मुरबाडची एसटी धरलीस आणि आईला सांगितलंस की सदाचं पत्र आलं. हे कळल्यावर माझा जीव वरखाली झाला. मी म्हटलं, खोटं ठरलं तर? म्हातारीच्या जिवाशी खेळ आहे हा. तू म्हणालीस, "ठरलं तर ठरलं. आज तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या." पुढे कितीतरी वर्षं मी तेच म्हणत राहिले आणि तू तेच. काकीला, तुझ्या आईला, खरं सांग, हे माझं. खरं काय ते तुला ठावं हाय काय, हे तुझं. आपलं भांडण इथंच फिरत राहिलं, घाण्याच्या बैलासारखं.

भाऊबीज तर मी विसरूच शकत नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तुझी आत्या तुला दरवर्षी ते करायला सांगायची आणि तू ऐकायची नाहीस. "ज्यांना भाऊ नाय त्यांनी चंद्राला ओवाळायचं. मला हाय." त्या वर्षी तू दुपारीच ताट घेऊन क्लासात आलीस. ती मेल उघडलीस, निरांजन लावलंस, पडद्याला कुंकवाचं बोट लावलंस आणि ओवाळलंस. मी मागे उभी राहून एक डोळा जिन्याकडं नि एक निरांजनाकडं ठेवून म्हणत होते, शैला, तेल सांडेल, शैला, काच तडकेल. तूप होतं ते, तेल नव्हतं, हे तू मला ओवाळता ओवाळताच सांगितलंस. मग शेटनं खाली फोन उचलला आणि नेट गेलं. पान मात्र पडद्यावर तसंच राहिलं. तू म्हणालीस, "बघ, दादा थांबला." मी हसले. घरी गेल्यावर रडले, ते तुला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं ते मीच, आणि सगळं काही निघालं नाही.

खेळ आपला पुरा झालाच नाही. एलिना कुठं होती ते कळायच्या आधीच तो करणाऱ्यांची साइट बंद पडली. मेली थांबल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. तुला मात्र तिथं पुरावा दिसला. "खेळ मेला. आता तो पत्ता खेळाचा असंल तर तो पन मरंल. मेल पाठीव, परत आली तर तू जिंकलीस." आपण पाठवली. परत आली नाही. मी म्हटलं, असले पत्ते कुणी बघत नसलं तरी काही दिवस सगळं गिळत राहतात. तू फक्त भुवया उडवल्यास. तू जिंकलीस असं मी तेव्हाही म्हटलं नाही.

पुढे क्लास बंद झाला. माझं लग्न झालं, मी आसनगावला आले. तू मुरबाडला नोकरी धरलीस आणि शनिवारची सवय चालू ठेवलीस. फोनवर आपण भाव, सासू, पाणी सगळ्यावर बोलायचो आणि शेवटी मी विचारायची, आलं काही? तू म्हणायचीस, अजून नाय. "अजून" हा शब्द तू कधी सोडला नाहीस. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, त्या एका शब्दानं तू मलाही इतकी वर्षं धरून ठेवलंस. आणि आज मी जी नोकरी करते ती तुझ्यामुळेच जमली. माहिती शोधून काढायचं ते काम आहे, आणि शोधायचं कसं हे मला कॉलेजनं नाही, तू शिकवलंस. सापडलं नाही की तू चिडायची नाहीस. दुसऱ्या शब्दानं विचारायचीस. ह्याबद्दल तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

तुझ्या तापाबद्दल मी काही लिहिणार नाही. कल्याणच्या दवाखान्यात तू शेवटचं नीट बोललीस ते एवढंच, "मंदा, शनवार हाय काय आज?" मी हो म्हटलं. कुठला वार होता ते मला आजही आठवत नाही.

तुला नेलं त्या दिवशी सगळं तुझ्या चुलतभावानं केलं. तिसऱ्या दिवशी काकीनं मला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच सांगितलं, "सदाला कळीव. तुज्याकडं पत्ता हाय ना? भैनीच्या तेराव्याला तरी यावा." मी हो म्हणून बाहेर गोठ्यापाशी आले. शैला, इतका राग मला तुझा कधी आला नव्हता. तू जाताना हे मला देऊन गेलीस. मेलेल्या खेळातल्या एका बाईला मी आता कळवायचं होतं की तुझी बहीण गेली.

तरी कळवलं. आसनगावला येऊन कॉम्प्युटरपुढं बसले तर इंग्रजीच्या त्याच ओळी बोटांवर आल्या, आम्ही सगळे ठीक आहोत. मग इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं. शैला गेली. आई एकटी आहे. तेराव्याला ये. खाली वाटलं, आता तरी तो व्रणाचा प्रश्न विचारावा. नाही विचारला, शैला. ज्याची बहीण गेली त्याची परीक्षा कशी घेऊ?

मग ते दिवस. काकी शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून मला रोज फोन लावून घ्यायची. "आलं काय गो?" "अजून नाही, काकी." तुझा शब्द माझ्या तोंडात आला तेव्हा मीच दचकले. दिवसातून कितीदा खातं उघडायची त्याला हिशोब नाही. ऑफिसात, घरी कुकरची शिट्टी होईपर्यंत, कधी नुसतं बंद करून लगेच पुन्हा. उत्तर येणार नाही ह्याची खात्री होती, आणि येईल ह्याचीच भीती. आलं असतं तर इतकी वर्षं मी तुला खोटं पाडत आले त्याचं काय करायचं होतं?

तेराव्याला मी सकाळीच तुझ्या घरी पोचले. मनाशी पक्कं केलं होतं की आज काकीला सांगायचं. मांडव छोटासाच होता. फाट्यावर माळशेजकडची एसटी थांबायची, आवाज यायचा, आणि काकी पत्रावळ्या मांडता मांडता मान वर करायची. एक गाडी गेली, दुसरी गेली. जेवणं उरकली. पाहुणे पांगले. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "काकी, एक सांगायचं होतं. ते पत्र. ते सदादादाचं..."

"नव्हतं," ती म्हणाली.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मला ठावं हाय गो. येळेवर जेवतो म्हनं. माजा सदा रुसला का दोन-दोन दीस जेवत नसं. तो असा सांगाया बसंल?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन पत्र यायच्या आदी माजी शैली दर आयतवारी भायेर. आज कल्यान, उद्या नासिक. तरनी पोर, एकली, भावाचा फोटू घेऊन. एक गेला तशी ही बी जाईल, ह्याच भ्यावानं मी मरत व्हती. मंग ती पत्राचा सांगाय आली नि तवापास्ना आयतवारी घरी राह्याला लागली. माज्या हातचा जेवाय लागली. मी कशाला मोडू? मी म्हनलं, बरा झाला, सदाचं पत्र आलं."

शैला, ती तुझ्यासाठी मानत होती आणि तू तिच्यासाठी. आणि मी दोघींच्या मधे उभी राहून खरं-खोटं करत होते. तुला हे ठाऊक होतं का? व्रणाचा प्रश्न पुसलास तेव्हा ठाऊक होतं का? हे विचारायला आता तू नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त हेच विचारायचं आहे.

मी म्हटलं, "मग मला का कळवायला लावलंत, काकी? रोज फोन कशाला केलात?"

तिनं फाट्याकडं पाहिलं. फाट्यावरून आणखी एक गाडी गेली, थांबली नाही. मग म्हणाली, "पन आलं तर? कोनतरी बघाय नको? शैली बघायची. आता तू बघ. बंद नको पडू देऊ." आणि मी उठायला लागले तसं माझा हात धरून म्हणाली, "नाय आलं तरी सांगाय येत जा. आयतवारी."

तेव्हा आता शनिवार माझा आणि रविवारही माझा. नवऱ्याला सांगितलंय, रविवारी मी टोकावड्याला असते. त्यानं कारण विचारलं तर म्हटलं, निरोप द्यायचा असतो. कसला, ते त्यानं विचारलं नाही. गेल्या रविवारी गेले होते. काकीनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली होती. जेवून झाल्यावर तिनं विचारलं, मी सांगितलं, अजून नाही. तिनं मान हलवली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

येळेवर जेवतो असं सदादादा सांगणार नाही, हे तिचं म्हणणं मला पटलं होतं. परतीच्या एसटीत मात्र तुझा आवाज कानात आला. ते त्यानं सांगितलंच नसंल, तिथल्या मंदा-शैलानं आपलं आपण घातलं असंल. मुरबाड येईपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते. शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली तेव्हा मी खिडकीकडं तोंड केलं.

माझं मत बदललेलं नाही, शैला. ती मेल खेळातलीच होती, एलिनाचीच होती, आणि एलिना कधीच नव्हती. आज शनिवार आहे. मघाशी खातं उघडलं. आपल्या दोघींची जोडलेली नावं टाइप केली, पासवर्ड टाकला. आसनगावचं नेट अजून रडतंच आहे. पान पांढरंच राहतं, खाली ती निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते. मग पान उघडतं आणि आपलं भांडण होतं तिथंच येतं. पण ते उघडेपर्यंतचा जो काही वेळ लागतो ना, तेवढा वेळ मी तुझ्या बाजूने असते.